निर्धास्तपणे

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन परड्यात बसलो होतो आणि हौसाआत्या समोर शेंगा फोडत होती. मी विचारलं, “आत्या, तुझं औषध नेमकं कशाचं?”

“पाल्याचं.”

“कुठल्या पाल्याचं?”

“हिरव्या,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन खुदकन हसली.

हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कृष्णाकाठच्या नांदरवाडीत ती काविळीचं औषध द्यायची. ते तिला सासूकडून आलं होतं, सासूला तिच्या सासूकडून. रविवारी सकाळी माणसं अनशापोटी यायची. आत्या पाला वाटून ताकातून द्यायची आणि पथ्य सांगायची. हळद नाही, तेल नाही, मटणाचं तर नावच काढायचं नाही, दहीभात खाऊन पडून राहायचं. पैसे ती घ्यायची नाही, कुणी नारळ पुढं केला तरी परत द्यायची. आसपासच्या गावांतली माणसं यायची आणि बहुतेक बरी व्हायची. औषधानं होतात की पडून राहिल्यानं, असं मी तिला एकदा छेडलं होतं. बरी होतात ना, मग तुला कशाला पंचाईत, असं म्हणून तिनं मला गप्प केलं होतं.

त्या वेळी मी पुण्यात एका कंपनीत होतो. आमचं काम वेबसाइटना वर चढवायचं. नेटवर कुणी काही शोधलं की उत्तरांची लांबलचक यादी येते. त्या यादीत पहिलं कोण येणार आणि कोण खाली कुजत पडणार हे काही ब्रह्मदेव लिहीत नाही, ते आमच्यासारखी माणसं बघतात. लोक कोणते शब्द टाइप करतात ते हेरायचं. तेच शब्द मथळ्यात, पहिल्या ओळीत, फोटोच्या नावात पेरायचे. दुसऱ्या साइटवाल्यांना गळ घालून त्यांच्याकडून आपल्या पानाकडे दुवे लावून घ्यायचे. हे पान जाणकार माणसाचं आहे असं यंत्राला वाटलं पाहिजे, एवढंच. जाणकार असायची अट नव्हती. मी दातांच्या दवाखान्यांना वर आणलं होतं, गाद्यांच्या दुकानांना वर आणलं होतं, आणि मला ना दातांतलं काही कळत होतं ना गाद्यांतलं.

परचुरे सर म्हणून आमचे साहेब होते. त्यांचं ठाम मत होतं की मराठीत कुणी शोधत नाही आणि शोधलं तरी त्यात काही अर्थ नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. ते म्हणाले, एक मराठी पान पहिलं आणून दाखव, मग बोलू. मला वाद जिंकायचा होता आणि मराठीचं काम माझ्या हाताखाली यावं असंही वाटत होतं. विषय कोणता घ्यावा या विचारात असताना मला आत्या आठवली.

आत्याला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं शेंगा फोडायच्या थांबवल्या.

“औषध बोलवून देत नसत्यात,” ती म्हणाली. “ज्याला पायजे त्यो हुडकत येतोय. सासूबाईंनी सांगून ठेवलंय.”

“मग मी कुठं बोलवतोय? हुडकणाऱ्याला पत्ता सांगतोय फक्त.”

हे तिला पटलं. मलाही माझं बोलणं फार आवडलं. आपण किती हुशार आहोत असं मला त्या काळात दिवसातून पुष्कळदा वाटायचं.

पुण्याला येऊन मी पान रचलं. कामावर आमच्याकडे एक सोय होती. एखादा शब्द टाकला की लोक त्या शब्दाबद्दल काय काय विचारतात आणि किती जण विचारतात, ते समोर येई. ‘कावीळ’ टाकल्यावर प्रश्नांची रांगच लागली. काय खावं, किती दिवसांत बरी होते, आंघोळ करावी का. यातल्या बहुतेक प्रश्नांवर आधीच कुणी ना कुणी लिहून ठेवलं होतं, तिथं घुसायला वेळ लागला असता. एका प्रश्नावर मात्र मराठीत धड काहीच नव्हतं. गरोदरपणात कावीळ झाली तर घरगुती औषध कोणतं. विचारणारे पुष्कळ आणि उत्तर देणारा कुणी नाही. आमच्या धंद्यात याला मोकळं मैदान म्हणतात. मी त्या प्रश्नाचा ठळक मथळा केला आणि खाली एक परिच्छेद लिहिला. आत्याला फोन करून विचारायला हवं होतं, पण ती दिवसभर रानात असायची आणि मला ते पान त्याच दिवशी संपवायचं होतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

पान हळूहळू चढलं. आधी यादीच्या तिसऱ्या पानावर दिसलं, मग दुसऱ्या, मग पहिल्यावर तळाशी. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघायचो. पावसाळा सरता सरता ते पहिलं आलं. परचुरे सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि एका मोठ्या औषध कंपनीच्या लोकांना हे दाखवायचं ठरवलं.

इकडे नांदरवाडीत माणसं वाढली. पूर्वी पाच-दहा जण यायचे, आता अंगण भरायला लागलं. सोलापूरकडून, बेळगावकडून माणसं यायला लागली. आत्यानं बचत गटाकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. तिची कंबर दुखायची, तरी ती खूश होती हे मला फोनवर कळायचं. माझ्या भाच्यानं नेटवर घातलंय, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. भाचा काय शिकलाय असं कुणी विचारलं तर ती डोळे झाकून इंजिनिअर म्हणायची. मी बी.कॉम. होतो.

औषध कंपनीच्या लोकांना दाखवायला गर्दीचे फोटो हवेत म्हणून मी एका शनिवारी गावी गेलो. रविवारी सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहून फोटो काढत होतो. आत्या उंबऱ्याजवळ बसली होती. एकेकाला जवळ बोलवायची, डोळ्यांची पापणी ओढून बघायची, नखं बघायची, मग द्यायचं की नाही ते ठरवायची. मधूनच ती मला हाक मारून लोकांना दाखवायची आणि मी ओशाळल्यासारखा चेहरा करायचो. आतून मला गुदगुल्या होत होत्या.

तेव्हा ते जोडपं पुढं आलं. नवरा तिशीतला, अंगात धुऊन चुरगळलेला पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. बायको पोटुशी होती. तिच्या डोळ्यांतलं पांढरं लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं होतं. ती खुर्चीत बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून पेंगायला लागली. प्रवासाचा शीण आहे, असं तो म्हणाला. त्याचं नाव शिवलिंग आणि तिचं महानंदा. जतच्या पलीकडून आले होते, आदल्या दिवशीच निघाले होते. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावून मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. ते मिरजेपर्यंत पोचलेही होते. तिथल्या स्टँडवर बसून शिवलिंगनं मोबाइलवर शोधलं, आणि दवाखान्याची वाट सोडून दोघं आमच्या गावाच्या एसटीत चढले.

आत्यानं तिला कितवा महिना म्हणून विचारलं. तिनं डोळे न उघडता सातवा म्हणून सांगितलं.

“दोन जिवाच्या बाईला मी देत न्हाई,” आत्या म्हणाली. “आल्या पावली दवाखान्यात घिऊन जावा.”

शिवलिंग भांडला नाही. त्यानं अगदी अदबीनं खिशातून मोबाइल काढला, काचेवर शर्टाची बाही फिरवली आणि आत्यापुढं धरला. तुमच्याच पानावर लिहिलंय, तो म्हणाला. आत्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. तिनं मोबाइल माझ्याकडे दिला आणि काय म्हणतंय ते वाच म्हणाली.

माझंच पान होतं. वर आत्याचा फोटो, मी काढलेला. खाली तो ठळक मथळा आणि त्याखाली माझा परिच्छेद. अंगणातली माणसं ऐकायला पुढं सरकली. मी वाचल्यासारखं केलं. गरोदर बायकांनी आधी विचारून घ्यावं असं काहीतरी लिहिलंय, असं मी मोघम म्हणालो. मोबाइल मी घाईनं परत दिला.

“न्हाई हो,” शिवलिंग म्हणाला. “तुमच्या नजरंतनं सुटलं असंल. आसं हाय बघा ते.” आणि त्यानं मोबाइलकडे न बघता शाळेत कविता म्हणतात तसं म्हणून दाखवलं, “हौसाआत्यांच्या प्रदीर्घ अनुभवानुसार गरोदर स्त्रियांनाही हे औषध निर्धास्तपणे देता येते.”

त्यानं ते वाक्य किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. मी लिहिलं तेव्हा आधी नुसतं ‘देता येते’ असं होतं. वाक्य लंगडं वाटलं म्हणून मी ‘निर्धास्तपणे’ हा शब्द घातला होता आणि मग ते कसं भरल्यासारखं वाटलं होतं.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि मला आत चुलीपाशी घेऊन गेली. ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिनं हळू आवाजात, जवळजवळ लाजत विचारलं, “संग्राम, ह्ये तू डाक्टरला इचारून लिवलंयस न्हवं?”

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या सासूनं सांगितलेला एक नियम तिच्याकडे होता आणि का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी मात्र शिकलेला होतो, पुण्यात होतो. छापल्यासारखं जे दिसतं ते कुणीतरी पारखून घेतलेलं असणार असं तिला वाटत होतं. मी मनानं लिहिलं, एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. बाहेर अंगण भरलेलं होतं. तिनं मला सगळ्यांसमोर इंजिनिअर केलं होतं. त्या कंपनीचे लोक दुसऱ्या आठवड्यात येणार होते. हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यात होतं असं आज मी म्हणतो, पण खरं सांगायचं तर मला फक्त तिच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं.

“वाचूनच लिहिलंय सगळं,” मी म्हणालो.

“मंग आमच्या सासूबाईंचंच कायतरी जुनंपानं असंल,” ती म्हणाली. तिनं पाल्यातला अर्धा बाजूला सारला. “तरी निम्मंच देते.”

तिनं पाला वाटला, ताकात कालवला आणि वाटी महानंदाच्या ओठांना लावली. महानंदाला घोट नीट गिळता येत नव्हता, थोडं ताक हनुवटीवरून पदरावर सांडलं. नवऱ्यानं स्वतःच्या रुमालानं ते पुसलं. मग त्यानं आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं, माझ्याशी हात मिळवला आणि बायकोला धरून धरून स्टँडकडे निघाला. दवाखान्यातही दाखवून घ्या, असं मी त्याच्या पाठीमागून म्हणालो. तो वळून हसला. आता कशाला, असं त्या हसण्यात होतं. मी त्यांना थांबवलं नाही.

दुपारी सगळे पांगल्यावर मी माडीवर लॅपटॉप उघडला. त्या आठवड्यात पानावर किती लोक आले, कुठून आले, कोणत्या मथळ्यापाशी जास्त रेंगाळले, ते मला दिसत होतं. सगळ्यांत जास्त लोक त्याच मथळ्यापाशी रेंगाळले होते. एरवी मी खूश झालो असतो. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तो प्रश्न स्वतः शोधला, मराठीत नाही, इंग्रजीत, डॉक्टर लोक जिथं लिहितात तिथं. वाचायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. गरोदर बाईला कावीळ झाली तर ती बघता बघता जिवावर बेतू शकते. अशी बाई गुंगीत दिसली, पेंगायला लागली, तर एक तासही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यावं. हे सगळं मी लिहायच्या आधीपासून तिथं होतं. कुणी लपवलं नव्हतं.

मी आधी ते पान काढून टाकलं. मग स्टँडवर पळत गेलो. एसटी केव्हाच गेली होती. परत येऊन आत्याला सांगितलं. ती पाटा धूत होती. मी काही लपवलं नाही, डॉक्टरला विचारलं नव्हतं, तुलाही विचारलं नव्हतं, वाक्य माझ्या मनाचं होतं, सगळं सांगितलं. ती धुवायची थांबली नाही. पाटा स्वच्छ झाला तरी पाणी ओतत राहिली.

“आनि त्ये माझ्या नावावर घातलंस,” ती म्हणाली.

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“ऊठ. हुडक त्यांना.”

हुडकायचं कसं, हेच मला कळेना. माझ्या पानावर आलेल्या माणसांबद्दल मला काय काय माहीत होतं. ते कोणत्या तालुक्यातून आले, कोणत्या कंपनीचा मोबाइल वापरतात, किती वेळ थांबले. शिवलिंगचं आडनाव मात्र मला माहीत नव्हतं आणि त्याचा फोन नंबर घ्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आत्याला गावाचं नाव अर्धवट आठवत होतं. पुढं ‘चिंच’ होतं, मागं ‘वाडी’ की ‘हळ्ळी’, ते नक्की सांगता येईना.

सोमवारी चुलतभावाची मोटरसायकल घेऊन मी निघालो. नावात चिंच असलेली दोन गावं होती आणि मी पहिल्यांदा चुकीच्या गावात गेलो. तिथं मी घरोघर विचारत हिंडलो. काविळीची बाई, गरोदर, नवरा शिवलिंग. एक शिवलिंग भेटलाही, पण तो म्हातारा होता आणि त्याला कुणीच नव्हतं. त्याला वाटलं सरकारी योजनेचा माणूस आला, म्हणून त्यानं मला बसवून घेतलं आणि पेन्शनची तक्रार सांगायला सुरुवात केली. त्याला तोडून उठायचं धैर्य मला झालं नाही. दिवस तिथंच गेला. रात्री जतला एका लॉजवर पडून राहिलो, झोप लागली नाही.

मंगळवारी मी दुसऱ्या गावात पोचलो. वेशीजवळच्या पिठाच्या गिरणीत विचारलं. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला, आवाज थांबला, आणि त्यानं हातानंच एका बोळाकडे दाखवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण माणूस आशा सोडत नाही. बोळ संपला तिथं एका घरापुढं माणसं सतरंजीवर गप्प बसली होती. कुणाच्या डोक्यावर टोपी नव्हती.

सोमवारी संध्याकाळी महानंदा कुणालाच ओळखेनाशी झाली. जीप करून तिला मिरजेला नेलं. पहाटे ती गेली. पोटातलं बाळही गेलं. थोड्या वेळापूर्वीच तिला माती देऊन सगळे परतले होते. हे मला एका म्हाताऱ्यानं तुटक तुटक सांगितलं. मी कोण, कुठला, हे त्यानं विचारलं नाही.

शिवलिंगनं मला बघितलं आणि ओळखलं. तो उठून आला, मला हाताला धरून त्यानं सतरंजीवर जागा करून दिली आणि शेजारच्याला सांगितलं, “औषधवाल्या आत्यांकडचे हायत. एवढ्या लांब आलेत बघा.” त्याला वाटलं मी भेटायला आलोय. कुणीतरी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मला तहान लागली होती आणि मी ते पाणी प्यायलो, याचीही मला आज लाज वाटते.

तो माझ्या शेजारी बसला. मग माझ्याकडे सरकून त्यानं इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला सुरुवात केली. पथ्य सगळं पाळलं होतं, तो म्हणाला. हळद घरात ठेवलीच नव्हती, शेजारच्यांना देऊन टाकली होती. तेलाचा थेंब नाही. दहीभात त्यानं स्वतःच्या हातानं भरवला होता.

“खरं एक चूक झाली,” तो म्हणाला. “रयवारी सकाळी तुमच्या स्टँडवर उतरलो तवा तिला लई गरगरत हुतं. घोटभर चहा द्या म्हणाली. अनशापोटी जायचं लिवलं हुतं त्यात, मला म्हाईत हुतं. तरी मी दिला. त्यानंच गुण आला न्हाई का वो? आत्यांना इचारून सांगशिला?”

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यानं दोन दिवस हे मनात धरून ठेवलं होतं, आणि मी हो म्हटलं असतं तर त्यानं ते जन्मभर धरून ठेवलं असतं. मला हो म्हणायचं नव्हतं. पण खरं सांगायला मी घाबरलो होतो. बोळ अरुंद होता, माणसं पुष्कळ होती, आणि तरीही जर आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला नीट ठाऊक होतं.

“चहानं काही झालं नाही,” मी म्हणालो. “तुमची काही चूक नाही. ते लिहिलेलंच खोटं होतं. मीच लिहिलं ते. आत्या कधी कुठल्या गरोदर बाईला औषध देत नव्हती. मी कुणाला न विचारता लिहिलं.”

शेजारचे दोघं-तिघं माझ्याकडे वळले. तो माझी गचांडी धरेल, असं मला वाटलं, धरावी असंही वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेना. गणित चुकलेल्या लहान मुलाच्या तोंडावर दिसतो तसला गोंधळ दिसत होता. मी त्याचं सांत्वन करायला, त्याच्या डोक्यावरचं चहाचं ओझं उतरवायला खोटं बोलतोय, असं त्याला वाटलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

“न्हाई वो,” तो म्हणाला. “खोटं असतं तर पयलं कसं आलं असतं?”

ते पहिलं कसं येतं, हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. परचुरे सरांना, दातांच्या डॉक्टरांना, गाद्यावाल्यांना मी ते फळ्यावर आकृत्या काढून समजावून दिलं होतं. त्याला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. पान मी काढून टाकलंय, असं तेवढं मी कसंबसं म्हणालो. आता तुम्हाला ते कुठं दिसणार नाही.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. बाहीनं काच पुसली. मला आठवलं की पान काढलं तरी यादीतून त्याचं नाव उतरायला दिवस लागतात, कधी कधी आठवडे, आणि तोवर त्यातलं मोक्याचं वाक्य नावाखाली तसंच दिसत राहतं. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचो. त्यानं बोटानं तोच प्रश्न पुन्हा लिहिला, एकेक अक्षर शोधत, आणि मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्याच्या आवाजात कुठंही टोचणी नव्हती. मला धीर द्यावा तसं तो म्हणाला, “ह्ये बघा की. अजून पयलंच हाय.”